तीन यंत्रांचा एक प्रोग्राम

ट्युनिशियातल्या स्फॅक्स शहरी आमच्या ऑफिसात मालकांना, सी मोन्जींना (सी म्हणजे आपलं 'श्रीयुत'), तोंडावर "नाही" म्हणणारी एकटी नबीहा शाबूनी. १९९३ साली आम्ही तीन गावांतल्या रक्तपेढ्यांचे प्रोग्राम सांभाळत होतो. तिन्हीकडे संगणक वेगवेगळ्या कंपन्यांचे, म्हणून प्रोग्रामही तीन. चूक एक सापडली की दुरुस्ती तीनदा.

त्या वर्षी एक दुरुस्ती नबीहाकडून दोनच ठिकाणी झाली. तिसऱ्या गावात मुदत संपलेली रक्ताची पिशवी यादीत 'चांगली' म्हणून दिसली. तिथल्या नर्स लल्ला मब्रूकांनी, म्हणजे मब्रूकाबाईंनी, पिशवीवरची तारीख वाचली, म्हणून निभावलं.

दोन दिवस नबीहा जुन्या दुरुस्त्यांच्या नोंदी चाळत बसली. तिसऱ्या दिवशी तिनं एक जाडजूड पुस्तक सी मोन्जींपुढे आपटलं.

"हे काय?"

"स्टँडर्ड. फाइल कशी उघडायची, तारीख कशी विचारायची, हे कंपन्यांनी मिळून ठरवलंय. तेवढंच वापरलं तर एकच प्रोग्राम सगळीकडे चालेल."

"एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या कंपन्या, आणि म्हणे मिळून ठरवलंय!"

"भांडतात. पण एवढं पाळतात."

"किती महिने लागतील?"

"पाच."

"तोवर खायचं काय? पुस्तक?"

"हरिसाची तिखट चटणी लावून खाऊ, सी मोन्जी."

ते हसले, आणि तिथंच हरले.

पाचाचे सात महिने झाले. नबीहा लिहायची, मी तपासायचो. प्रिंटर, अरबी अक्षरं, अशा संगणकागणिक खरोखरच बदलणाऱ्या गोष्टी तिनं एका वेगळ्या फाइलीत कोंडल्या. बाकी सगळं पुस्तकाबरहुकूम.

वसंतात तिसऱ्या गावचा संगणक कायमचा बंद पडला. बदली आलेला होता चौथ्याच कंपनीचा, आम्ही कधी न पाहिलेला. आम्ही प्रोग्रामची टेप घेऊन गाडीनं निघालो.

नव्या संगणकावर प्रोग्राम चढवला, तर पहिल्याच फेरीत अकरा चुका निघाल्या. मी मनात महिने मोजू लागलो. ती मात्र पडद्याकडे वाकली आणि ओरडलीच, "अरे, सगळ्या त्या एकाच फाइलीतल्या आहेत!"

दुपारच्या अजानपर्यंत त्या निस्तरल्या. लल्ला मब्रूका नोंदी भरू लागल्या. "झालं पण? मागच्या वेळी तुम्ही लोक चार महिने इथं बसला होतात!"

पुढच्या आठवड्यात गफ्साच्या रक्तपेढीतून फोन आला. प्रोग्राम हवाय, पण संगणक कुठल्या कंपनीचा घेऊ?

नबीहानं आमच्याकडे पाहिलं. सी मोन्जींनी मान डोलावली.

"मिळेल तो घ्या," ती म्हणाली.