फळ्याचा चौथा रकाना

मी एक जुना फळा आहे, आणि शाळेतला नाही, हे आधीच सांगून टाकतो. शाळेतल्या फळ्यांवर मुलं फुलं काढतात, सुविचार लिहितात, पंधरा ऑगस्टला त्यांच्या कडेला पताका लावतात. माझ्या वाट्याला तसलं काही आलं नाही. मी लोखंडी पत्र्याचा आहे. अंगावर काळा रंग आहे आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात गंज चढलाय. मित्रांनो, फळ्याने गोड बोलावं अशी तुमची अपेक्षा असेल. मला ते जमणार नाही. मी रागात आहे, आणि कुणावर ते तुम्हाला शेवटी कळेलच. त्यात मी स्वतःही आहे.

भिलाईच्या पोलाद कारखान्यात, एका रोलिंग मिलच्या शिफ्ट ऑफिससाठी मला कापलं. पेंटरने पांढऱ्या ऑइलपेंटने माझ्यावर चार रकाने आखले आणि वर हिंदीत नावं घातली: लक्ष्य, उत्पादन, अंतर, कारण. पहिल्या रकान्यात किती माल निघायला हवा ते. हा आकडा वरून यायचा, आणि तो ठरवणारे तापलेल्या लोखंडाजवळ कधी उभे राहिलेले नसायचे. दुसऱ्यात खरोखर किती निघाला ते. तिसऱ्यात दोघांतला फरक. आणि चौथ्यात, तो फरक का पडला, हे शिफ्टच्या फोरमनने स्वतःच्या हाताने लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी साहेबासमोर त्याचा जाब द्यायचा. अंतर शून्य आलं की त्या दिवशी सगळ्या शिफ्टला समोसे मिळायचे.

माझा फोरमन होता देवीदास. त्याचे वडील भंडाऱ्याकडून इथे कामाला आले, आणि तो त्याच कारखान्यात लागला. अक्षर असं की साहेबही दोन क्षण थांबून बघत. खोटं कारण त्याने कधी लिहिलं नाही. क्रेन उभी राहिली तर क्रेन उभी, रोल बदलायला वेळ लागला तर तेवढंच. एकदा शिफ्टला माणूस कमी होता म्हणून त्याने लिहिलं, ‘एक आदमी कम.’ साहेबाने खिशातला रुमाल काढला आणि ते पुसलं. म्हणाला, माणूस कमी हे कारण नसतं, आहेत त्यात भागवायचं असतं. देवीदासने मान हलवली आणि हा नियम घरी घेऊन गेला.

पुढे ऑफिसात कॉम्प्युटर आले आणि मला भंगाराच्या ढिगावर टाकलं. सतरा वर्षं काम केलं होतं मी. कुणी हळहळलं नाही. देवीदासने मात्र रीतसर गेट पास काढला, मला स्कूटरच्या मागे दोरीने आवळलं आणि मरोदा वसाहतीतल्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये आणलं. त्याची बायको पंचफुला दारातच म्हणाली, “हे कावून उचलून आनलं? घरात मानसाले जागा नाई.” तरी तिने ओल्या फडक्याने मला पुसलं. मी व्हरांड्याच्या भिंतीवर चढलो. वाटलं, आता आराम. दुधाचा हिशेब, गॅसची तारीख, रविवारी विहारात वंदना किती वाजता, एवढंच लिहितील.

पण देवीदासची खोड गेली नव्हती. मुलगा सुगत तेव्हा नऊ वर्षांचा. चाचणीचे मार्क आले की देवीदास त्याला माझ्यासमोर उभा करायचा. लक्ष्य, पंचाण्णव. उत्पादन, अठ्ठ्याऐंशी. अंतर, सात. मग खडू मुलाच्या हातात. “कारन लिव.” कधी कधी पहिल्या रकान्यात भैयालालच्या हर्षाचे मार्क यायचे. भैयालाल त्याच मिलमध्ये होता, राहायला पलीकडच्या रुआबांधा वसाहतीत, आणि संध्याकाळचा चहा रोज आमच्याकडे. त्याची मुलगी हुशार होती. त्यात त्या पोरीचा काय दोष? पण सुगत तिच्याशी बोलेनासा झाला.

एकदा गणितात एकवीसचं अंतर पडलं. सुगतने बराच वेळ खडू चावला आणि शाळेच्या हिंदीत लिहिलं, ‘बाबा सेकंड शिफ्ट में थे. समझाने वाला कोई नहीं था.’ देवीदासने वाचलं. मग तळहाताने सगळं पुसलं.

“हे कारन चालत नाई,” तो म्हणाला. “मानूस कमी हाय, हे कारन कोनीच मानत नाई. दुसरं लिव.”

पोराने लिहिलं, ‘आलस.’ ते माझ्यावर आठवडाभर होतं. पंचफुलाने पुसायला फडकं उचललं, तेव्हा देवीदासने तिला अडवलं. मी तेव्हा काहीच केलं नाही. पत्रा काय करणार, असं तुम्ही म्हणाल. खिळ्यावरून पडता आलं असतं. पण खरं सांगतो, सरळ रेघा आणि स्वच्छ आकडे अंगावर बाळगताना मला ऐट वाटत होती.

देवीदासला मोजायचा आणि तुलना करायचा रोगच होता. शहरातल्या मधल्या सेक्टरांतली माणसं मरोद्याला नाकं मुरडत, म्हणून तो रुआबांध्याला नाक मुरडायचा. वीस वर्षं भैयालालने त्याच्या घरचा चहा पिताना ऐकून घेतलं की मरोद्याच्या नळाला धार कशी जोरात, मरोद्याची झाडं कशी दाट. भैयालाल नुसता बशी फुंकायचा. सुगत इंजिनिअर होऊन मेलबर्नला गेला, तेव्हा तर विचारायलाच नको. देवीदास रोज सकाळी माझ्यावर तिथलं तापमान लिहायचा आणि शेजारी भिलाईचं. तिकडे सोळा, इथे चव्वेचाळीस. इथे घामाने ओला झालेला माणूस तिकडचे सोळा बघून खूश व्हायचा. कुणाला सांगावं?

या मे महिन्यात सुगत तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आला. देवीदास निवृत्त झालाय. क्वार्टर पुढे ठेवायचं की सोडायचं, ते कंपनीला महिनाअखेर लिहून द्यायचं होतं, आणि एकदा सोडलं की परत मिळत नाही. सुगतने आईबाबांच्या व्हिसाचे कागद तयार करून आणले होते. क्वार्टर सोडण्याचा अर्जही त्यानेच भरून ठेवला होता, फक्त देवीदासची सही बाकी. चार दिवस देवीदास “पाहू” म्हणत राहिला. पंचफुलाला कुणी विचारलंच नाही. पाचव्या संध्याकाळी, भैयालाल चहाला बसलेला असताना, सुगतचा धीर सुटला.

“बाबा, इमोशनल होऊन काई फायदा नाई. डेटा पाहा ना,” तो म्हणाला. त्याच्या मोबाइलवर एक यादी होती. जगातल्या शहरांमध्ये राहणं कसं, माणसं सुखी किती, याला तिथे मार्क दिले होते. मित्रांनो, त्या यादीत भिलाईचं नावच नव्हतं. ज्या गावाचं लोखंड अंगाखाली घेऊन आगगाड्या धावतात, ते गाव यादीत नाही. सुगतला त्याचं काही वाटलं नाही. त्याने जवळचं रायपूर शोधलं आणि प्रत्येक आकड्यातून एक कमी केला.

“एक कमी कावून?” भैयालालने विचारलं.

“अंदाजानं, काका.”

मग त्याने खडू घेतला आणि माझ्यावर लिहू लागला. हवा, मेलबर्नला नऊ आणि भिलाईला तीन. पाणी, नऊ आणि सहा. झाडं, आठ आणि पाच. शेजार, सात आणि सहा. शेवटी आनंद. मेलबर्नला आठ, भिलाईला चार. तिसऱ्या रकान्यात त्याने फरकही मांडले. अक्षर बापासारखंच सुंदर. लिहिताना त्याने वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पेंटरची फिकट अक्षरं दिसली असती. त्याचं शहर ‘लक्ष्य’खाली आलं होतं, आणि त्याच्या आईबापाचं घर ‘उत्पादन’खाली.

देवीदासने मात्र ते पाहिलं. चाळीस वर्षं तो तसंच वाचत आला होता. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“म्हंजे माही सारी जिंदगी शॉर्ट गेली,” तो म्हणाला.

“मी असं म्हटलं काय?”

“लिवलं ना तू. बोलनं वेगळं, लिवनं वेगळं.”

भैयालाल गालातल्या गालात हसला. “आता समजलं काय, देवीदासभाऊ? वीस साल मले कसं लागत होतं ते? पर मले शेजाराचे सहाच? रोज येतो मी, बाप्पा.”

कुणी हसलं नाही. सुगतचा चेहरा लाल झाला होता. त्याने खडू बापापुढे धरला. “तुमीच शिकवलं, बाबा. याच फळ्यावर. आता तुमी कारन लिवा.”

हे ऐकून मला बरं वाटलं, हे कबूल करतो. पंचवीस वर्षं मी याची वाट बघत होतो. देवीदास उठला. त्याचा गुडघा दुखतो, भिंतीला धरून उभा राहिला, आणि लिहू लागला. हवेपुढे, ‘भट्टी एकही दिवस बंद ठेवली नाही.’ पाण्यापुढे, ‘सहा बरोबर आहे.’ खोटं कारण त्याने आताही लिहिलं नाही. झाडांपुढे, ‘आकडा चूक. बाहेर जाऊन मोजा.’ शेजारापुढे, ‘भैयालाल.’ आनंदापुढे तो थांबला. खडू टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. मग लिहिलं, ‘एक माणूस कमी.’

सुगतने ती ओळ वाचली. आवाज चढवला नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

“हे कारन चालत नाई, बाबा. तुमीच म्हटलं होतं. तुमीच पुसलं होतं.”

“हो,” देवीदास म्हणाला. “साहेबानं माहं पुसलं. मी तुहं पुसलं. आता तू माहं पूस.” आणि त्याने माझ्या खिळ्याला अडकवलेलं फडकं काढून मुलाच्या हातात दिलं.

सुगतने ते धरलं. एक पाऊल माझ्याकडे आला. मग फडकं खुर्चीवर टाकून आत निघून गेला.

पंचफुला इतका वेळ दारात उभी होती. तिने अर्ज उचलला, चार घड्या केल्या आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, “हे तुह्या बॅगेत ठेव, सुगत. आन मले चार कोनं देल्ले, मले इचारून देल्ले काय? तू यंदा येन्याच्या पयले माहे सात होते. आता चारच हाय. रायू दे ते तसंच.” मग नवऱ्याकडे वळली. “आन तुमी. पोरगं नऊ वर्साचं होतं तवा हे लिवलं असतं तं बरं झालं असतं.”

उरलेले दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. बापलेक आपापल्या ताटावर नजर ठेवून जेवत. देवीदासने क्वार्टर ठेवत असल्याचं लिहून दिलं. भैयालाल मात्र रोज आला. एकदा तर माझ्यासमोर उभा राहून स्वतःचं नाव वाचून गेला.

जायच्या दिवशी सकाळी रायपूरहून सुटणाऱ्या विमानासाठी टॅक्सी दारात लागली. देवीदास बॅगा ठेवायला खाली गेला होता. सुगत बूट घालून माझ्यासमोर आला. मला वाटलं, आता पुसतो सगळं. त्याने आधी बोटाने एक आकडा पुसला, आणि तो भिलाईचा नव्हता. आनंदाच्या ओळीत मेलबर्नचा आठ होता, तिथे त्याने चार लिहिला. तिसऱ्या रकान्यातला फरक पुसून शून्य काढलं. ‘एक माणूस कमी’ला त्याने हात लावला नाही. आईच्या पाया पडला आणि गेला.

देवीदास वर आला तेव्हा त्याला ते दिसलं.

“पंचफुला,” तो म्हणाला, “शून्य आलं.”

“मंग समोसे आनू काय?” ती आतून म्हणाली, आणि भांडी जोरात आपटली. थोड्या वेळाने भांड्यांचा आवाज थांबला आणि तिचं रडणं मला ऐकू आलं. देवीदासलाही आलं. तो तिथेच खुर्चीवर बसून राहिला.

मित्रांनो, म्हातारे फळे अशा वेळी म्हणतात, आमची निगा राखा, आम्हाला रंग द्या. मला रंग नको. गंज चढतोय तर चढू द्या. मला तुमच्याकडून दुसरं हवंय. कुणाच्या गावाला, कुणाच्या घराला मार्क द्यायची हौस आली, तर आधी त्या घरात जाऊन विचारा. आणि तुमच्या घरी एखादा फळा असेल, त्यावर एखाद्या मुलाने कारण लिहिलं असेल, तर ते आवडलं नाही तरी राहू द्या. मी लोखंडाचा आहे, माझ्यावरून सगळं पुसलं जातं. त्या मुलाला मात्र ते पंचवीस वर्षं पाठ होतं.