टाळीमास्तरांचे वर गेलेले हात

मंडळी, खरं सांगा, टीव्हीवरच्या खेळात कुणी "पुरे, मी थांबतो" म्हणालं की सोफ्यावरून आपण काय ओरडतो? "अरे घाबरटा, खेळ की!" ओरडायला आपलं काय जातं! जोखीम त्याची, चकटफू मजा आपली.

आमचे टाळीमास्तर तर याच कामाचा पगार घेत. टीव्हीच्या स्टुडिओत प्रेक्षकांसमोर उभं राहायचं; हात वर केला की टाळ्या, खाली केला की "अरेरे!" स्पर्धकानं जिंकलेलं बक्षीस सोडून बंद पडदा मागितला की हात वर, बक्षीस घेऊन घरची वाट धरली की हात खाली. असं का, हे त्यांनी जन्मात कुणाला विचारलं नव्हतं.

त्या दिवशी खेळायला आल्या एक लॉन्ड्रीवाल्या ताई. दवाखान्याच्या चादरी हातानं धुऊन, पिळून त्यांचा उजवा खांदा पार कामातून गेला होता. असंच चाललं तर हात उचलणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि खेळात त्यांनी जिंकलं काय? चादरींचा ढीग एका दमात धुणारं भलंमोठं मशीन! आता निवेदक गोड हसून विचारत होता, "मशीन घेता, की मशीन सोडून पडदा उघडता? आत नवीकोरी गाडी असेल, नाहीतर नुसता भोपळा!"

प्रेक्षकांतून त्यांचा नवरा उठून ओरडला, "अगं, पडदा म्हण, पडदा!" मास्तरांचा हात सवयीनं वर गेला. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि तेवढ्यात जाहिराती लागल्या.

ताई तडक मास्तरांपाशी आल्या. "काका, एक विचारू? मघापासून बघतेय. कुणी पडदा म्हटलं की तुमचा हात वर, थांबतो म्हटलं की खाली. आत काय आहे ते तुम्हाला ठाऊक असतं होय?"

"छे हो! मलाही तुमच्याइतकंच ठाऊक."

"मग कशाच्या जोरावर सांगता?"

मास्तर गडबडले. "वरून तसं सांगितलंय. थांबणारा माणूस लोकांना आवडत नाही म्हणे."

तोवर नवराही आला होता. "अगं, गाडी मिळेल गाडी! एकदा तरी हिंमत कर."

"हिंमत माझ्या खांद्याच्या जिवावर करायचीय ना?" ताई म्हणाल्या. "भोपळा निघाला तर उद्या चादरी कोण पिळणार? तुम्ही? की हे टाळ्या वाजवणारे? हे भोपळ्याला हसतील आणि घरी जाऊन जेवतील!"

"तसं नव्हे गं..." म्हणत नवरा आपल्या खुर्चीकडे परत गेला.

खेळ पुन्हा सुरू झाला. "काय ठरलं, ताई?"

"मशीन."

"बघा तरी काय सोडलंत!" म्हणत निवेदकानं पडदा उघडला, आणि काय सांगावं! आत लालचुटूक गाडी चमकत होती! सगळीकडून "अरेरे!" उठलं. नवऱ्यानं कपाळावर हात मारला. मास्तरांच्या कानातल्या यंत्रातून कार्यक्रमाचे साहेब ओरडले, "हात खाली! तिचा पडलेला चेहरा दिसू दे!"

पण चेहरा पडलाच नव्हता. "छान आहे हो गाडी," ताई म्हणाल्या. "पण मी ठरवलं तेव्हा पडदा बंद होता ना? पुन्हा बंद करून विचारा, मी मशीनच म्हणेन."

मास्तरांना मागचे सगळे खेळ आठवले. आजवर किती जणांना आपण असं ढकललं असेल! कानातलं यंत्र काढून त्यांनी खिशात कोंबलं आणि दोन्ही हात वर केले. मग कुणीतरी टाळी वाजवली. बघतात तर ताईंचा नवरा! त्याच्या मागून सगळे उठले.

साहेबांनी मास्तरांना नंतर चांगलंच झापलं. मास्तर एवढंच म्हणाले, "साहेब, माझ्याकडून थांबणाऱ्यालाही टाळी मिळेल. चालत नसेल तर दुसरा माणूस बघा."

मंडळी, धाडस वाईट नाही. दुसऱ्याला पुढं करून आपण धाडसी होणं वाईट! उद्या तुमच्या घरात कुणी "मला एवढं पुरे" म्हणालं, तर हसण्याआधी स्वतःला विचारा: डाव फसला तर भोगायचं कुणी? भोगणारे आपण नसू, तर ठरवणारेही आपण नव्हे.