क्वानच्या पेटीतली हाडं

'सेलेस्टिया' मोडीत निघाली, जपानी भंगारवाल्यांनी ओढून नेली, हे हाँगकाँगच्या धक्क्यावर कळलं आणि मोक लामचं तोंड कडू झालं. तेवीस वर्षं काढली होती त्यानं त्या बोटीवर. नवीकोरी, पांढरीशुभ्र, तीन धुराड्यांची आली तेव्हा अमेरिकेला जाणारे साहेबसुद्धा माना वर करून बघायचे. पुढं लढाईत तिनं सैनिक वाहिले, आणि म्हातारपणी कोंबड्या नि कांदे. पण परतीच्या प्रत्येक खेपेला तळाशी पत्र्याच्या पेट्या असायच्याच: परदेशात मेलेल्यांची हाडं, गावच्या मातीत पुरायला. त्या सांभाळायचं काम मोकचं.

चिंग मिंगच्या सणाला, पितरांना कबरीवर जेवू घालतात त्या दिवशी, तो तोइशान गावी क्वानवहिनीकडे गेला. दरवर्षी जायचा. तिच्या नवऱ्याची पेटी त्यानंच आणून दिली होती, म्हणून बाई त्याला देव मानायची. भला देव!

कबरीवरचं गवत उपटून झालं. तिनं आधी नवऱ्यापुढं भात, दारू, भाजलेलं डुक्कर वाढलं, मग मोकला.

"घ्या हो भाऊजी, कुरकुरीत साल तुमच्यासाठी राखलीय. आणि ऐका, मी गेले की मला यांच्या शेजारीच पुरा. तीन महिन्यांचाच तर संसार झाला माझा."

मोकनं हातातला घास खाली ठेवला. बोट गेली; आता सांगणारा तो एकटाच उरला होता.

"वहिनी, मी पापी आहे हो. यांची पेटी आणली त्या खेपेला वादळ झालं, दोन पेट्या फुटल्या, हाडं एकमेकांत मिसळली. नोकरी जाईल म्हणून मी तोंड शिवलं. अंदाजानं निम्मी निम्मी भरली. कवट्यासुद्धा! ह्यात तुमचा माणूस किती, मलाच ठाऊक नाही."

तिनं शिव्या द्याव्यात, हातातलं खुरपं फेकून मारावं, असं त्याला फार वाटत होतं.

"दुसरी पेटी कुणाची?" तिनं विचारलं.

"लो म्हणून एक होता. मागं कुणीच नाही. हाँगकाँगच्या टेकडीवर बेवारशांत पुरली."

"तिथं सणाला कोण जातं?"

"कुणी नाही."

"म्हणजे अठरा वर्षं," तिचा आवाज फाटला, "माझा माणूस तिथं उपाशी पडलाय, आणि तुम्ही दरवर्षी इथं येऊन जेवून जाताय?"

मोकच्या बोटांना चरबी लागली होती. ती कुठं पुसावी, हे त्याला कळेना.