व्हर्नाचं काचेचं भांडं

पट्टी अजून निघाली नव्हती. तीन महिन्यांत कितीदा धुतलं, तरी काचेच्या तळाला चिकटलेली ती पिवळट कागदी पट्टी आणि तिच्यावरची मिस व्हर्नाची तिरकी अक्षरं... चर्चमधल्या सगळ्याच बायका भांड्यांना अशी नावं लावतात. कुणाकडे बाळ आलं, कुणी गेलं, की भांडी भरून जातात आणि फिरत फिरत आपापल्या घरी परत येतात. कोरीनकडे दोन्ही एकदमच – नाही, बाळ आलंच नव्हतं. एकोणिसाव्या आठवड्यातच गेलं.

भांडं रिकामं परत करायचं नसतं. पण त्यात काय घालायचं हे तिला इतक्या दिवसांत सुचलंच नव्हतं, आणि आज रविवारी ते तसंच, कापडात गुंडाळून, ती मांडीवर घेऊन गाडीत बसली. मागे तीन वर्षांची अ‍ॅडी स्वतःशीच गात होती.

"चेहरा नीट कर," तिचा नवरा टॅनर म्हणाला, "लोकांना वाटेल, आज स्वयंपाक नवऱ्यानं केला."

ती हसली. हसणं जमतं.

चर्चच्या दाराशीच टेबल होतं. अर्जांची चळत, दोरीनं बांधलेलं पेन. गर्भपातबंदीच्या कायद्यात उरलेली फट बुजवा, असा अर्ज. टेबलामागे मिस व्हर्ना.

"ये गं पोरी! किती वाळलीस! टॅनर, हिला खायला घालतोस, की नुसती हरणं मारून फ्रीज भरतोस?" मग भांडं हातात घेऊन, हळूच – "पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर बोलशील ना? पाचच मिनिटं. देवानं तुला मरणाच्या दारातून कसं आणलं, एवढंच. तुझं ऐकून लोक सह्या करतील गं."

देवानं... त्या मंगळवारी माझं गर्भाचं पाणी गेलं होतं. बाळ वाचणार नाही, हे डॉक्टरीण मंगळवारीच म्हणाली, आणि मग जमिनीकडे बघत – बाळाचे ठोके चालू आहेत तोवर गर्भ काढता येत नाही, कायद्यानं मला थांबावं लागेल. गुरुवारपर्यंत. ताप मेंदूत चढेपर्यंत. आणि गुरुवारी ही मिस व्हर्नाच माझ्या पायाशी बसली होती, माझे गार पडलेले तळवे हातांत धरून, तासन्‌तास प्रार्थना करत. हिला काय सांगू? तुमच्या त्या कायद्यानं... छे, तुमच्या कसला. हा कायदा आणा म्हणणाऱ्या मागच्या अर्जावर अकरावी सही माझी आहे. अ‍ॅडी कडेवर होती, गळ्याशी तिचा ऊन श्वास, आणि सही करताना किती बरं वाटलं होतं मला – जगातल्या सगळ्या लेकरांच्या बाजूची मी!

खरं बोलले तर ही भांडी आमच्या दारी यायची थांबतील. अ‍ॅडीचे वाढदिवस, टॅनरची आई, आम्हांला पुरायची जागासुद्धा – सगळं याच अंगणात.

"मिस व्हर्ना, ते दोन दिवस –"

"माहितीय गं, राणी. माहितीय."

माहीत नव्हतं. कापड उलगडून मिस व्हर्नानं रिकाम्या काचेकडे बघितलं. रागावली नाही, क्षणभर घाबरली मात्र. मग भांडं अर्जांवर ठेवून तिनं कोरीनचे दोन्ही हात धरले, डोळे मिटले. "बापा, आमच्या या लेकराला बळ दे. आम्ही सगळे तुझेच..."

कोरीननंही डोळे मिटले. लहानपणापासून या 'आम्ही'त ती अशीच उतरत आली होती, कोमट तळ्यात उतरावं तशी, न बघता. आज पाय टेकेनात. ती खाली, आणखी खाली चाचपत राहिली... आणि तोंडून मात्र आमेन बाहेर पडलं, नेहमीच्याच आवाजात.

तिच्या स्कर्टला धरून उभ्या अ‍ॅडीनं वर बघितलं, आईचे ओठ पाहिले, आणि खणखणीत आवाजात तीही म्हणाली – आमेन.