दुसऱ्या बॅटरीचा लाल दिवा

माझ्या मेव्हण्याच्या गाडीत दोन बॅटऱ्या आहेत. एक गाडी सुरू करायला आणि दुसरी गाडी बंद असताना सुखात राहायला. दुसरीवर छोटा फ्रिज, तंबूतला दिवा, कॉफीची किटली आणि इन्व्हर्टर चालतो. गाडी डोंगरदऱ्या आणि नदीनाले पार करण्यासाठी बांधलेली. चार वर्षांत तिने ओलांडलेला सर्वांत अवघड अडथळा म्हणजे भाजी बाजारासमोरचा फूटपाथ. घरात आम्ही मेव्हण्याला कप्तान म्हणतो. तो समजतो, आदराने.

त्या दुपारी मात्र दुसऱ्या बॅटरीवर माझे सासरे चालत होते.

नाना छत्तीस वर्षं वीज खात्यात होते. आता फुप्फुसांनी हात टेकले होते. नाकात नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला हवेतून प्राणवायू गाळून देणारं दप्तराएवढं यंत्र. सकाळी श्वास बिघडला. गावाबाहेरचा पूल पहाटेच खचला होता आणि जाताना विजेचे खांबही सोबत घेऊन गेला होता. रुग्णवाहिका पलीकडच्या काठावर उभी राहून फोनवर दिलगिरी व्यक्त करत होती. टेकडीमागच्या आडरस्त्याने हॉस्पिटल तीन तासांवर. त्या रस्त्याने जाईल अशी गाडी अख्ख्या गल्लीत एकच. मी हाक मारायच्या आत कप्तान बूट घालून दारात हजर. चार वर्षं तो बहुधा ते घालूनच झोपत असावा.

मी खोलीतलं मोठं सिलिंडर ओढत आणलं.

"भावजी, ते कुठे ठेवणार?" कप्तान म्हणाला. "मागे तंबूची शिडी आहे."

"शिडी काढ."

"स्क्रूने बसवलीय. आणि सिलिंडर हवंय कशाला, दुसरी बॅटरी आहे की. यंत्र दिवसभर चालेल."

"ती खराब झालीय असं तूच म्हणत होतास ना?"

"खराब नाही हो. थकलीय. नवी मागवलीय, मंगळवारी येईल."

त्या दिवशी शुक्रवार होता. मी सिलिंडर परत आत नेऊन ठेवलं. मी वाद घालत नाही, मनातल्या मनात हसतो. त्यामुळे सासरी मी फार समजूतदार गणला जातो. बायको सासूबाईंचा हात धरून दारात उभी होती. ती सिलिंडरकडे बघत होती, पण तिलाही मी समजूतदारच वाटत आलोय.

नाना पुढच्या सीटवर, पाठ अर्धी टेकवून. मी मागे, यंत्र मांडीवर घेऊन. नानांच्या बोटाला चिमटा लावलेला, त्यावर रक्तातल्या प्राणवायूचा आकडा. डॅशबोर्डवर दुसऱ्या बॅटरीचा आकडा. एक आकडा नव्वदच्या खाली जाऊ द्यायचा नव्हता आणि दुसरा साडेदहाच्या. साडेदहाला इन्व्हर्टर स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. बाकीच्यांनी आपापलं बघावं, अशी त्याची रचना आहे.

पहिल्या तासात कप्तान सुखात होता. दगड आला की "बघा बाबा, कशी चढते," चढण आली की "बघा बाबा, नुसता गियर टाकला." बाबा बघण्याच्या स्थितीत नव्हते. मी बॅटरीचा आकडा बघत होतो. बारा. साडेअकरा. अकरा.

"कप्तान, हा उतरतोय."

"चढणीवर उतरतो."

"आता आपण उतारावर आहोत."

अकराच्या खाली आकडा असा घसरला की जणू त्याला घरी जायची घाई होती. इन्व्हर्टरने एक लांब शिटी मारली आणि तो गप्प झाला. यंत्र स्वतःच्या पोटातल्या बॅटरीवर आलं. तीही नानांसारखीच जुनी. पडद्यावर लिहून आलं: चाळीस मिनिटं. हॉस्पिटल अजून पावणेदोन तासांवर होतं. फोनला आता रेंज आली होती, म्हणून मी हॉस्पिटलला फोन केला. पलीकडचा माणूस भला होता. रुग्णवाहिका पुलाकडे अडकलीय, वळवून पाठवायला दोन तास लागतील, तोवर पेशंटला घाबरू देऊ नका, असं त्याने सांगितलं. पेशंट घाबरला नव्हता. पेशंटचा जावई घाबरला होता.

तिठ्यावर पत्र्याचं गॅरेज लागलं तेव्हा यंत्रात सव्वीस मिनिटं उरली होती.

वीज इथेही नव्हती. मिस्त्री दाराशी बसून एका पंपाचा नट घासत होता. पन्नाशीचा, कानावर पेन्सिल. आम्ही दोघांनी एकदम बोलायला सुरुवात केली. त्याने नट बाजूला ठेवला, गाडीत डोकावून नानांकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"एकानेच बोला."

कप्तान बोलला. बॅटरीची जात, क्षमता, कंपनी, दोन बॅटऱ्यांची व्यवस्था, ती त्याने स्वतः कशी बसवली. मी मध्येच म्हणालो, "मिस्त्री, पंचवीस मिनिटं आहेत."

"मग पुढच्या बॅटरीवर लावा की यंत्र. पुढे चार्जरचं भोक असतं."

"ते काढलं," कप्तान म्हणाला. "तिथे उंची दाखवणारं मीटर बसवलंय."

मिस्त्रीने त्या मीटरकडे बघितलं. समुद्रसपाटीपासून आम्ही चारशे बारा मीटरवर बुडत होतो.

"बॅटरी कुठे आहे?"

बॅटरी सगळ्यांत मागे, खणाच्या खाली, पेटीत. खणावर फ्रिज, फ्रिजवर तंबू, तंबूवर घडीच्या खुर्च्या, खुर्च्यांवर फावडं, दोरखंड आणि वाळूत रुतल्यावर चाकाखाली घालायच्या फळ्या. वाळू आमच्या घरापासून तीन दिवसांच्या अंतरावर आहे. आम्ही ते सगळं रस्त्यावर फेकलं. फ्रिज फेकताना कप्तानचा चेहरा बघण्यासारखा होता, पण मी पहिल्यांदाच बघितला नाही.

पेटी उघडली तसा कुजक्या अंड्यांचा वास आला. बॅटरीच्या बाजू फुगलेल्या.

"ही थकलेली नाही," मिस्त्री म्हणाला. "ही उपाशी मेलीय. हिला गाडीवरून चार्जिंग मिळतच नव्हतं."

"कसं शक्य आहे? पुढून मागे जाड वायर आहे, मध्ये स्विच आहे. आणि दर रविवारी मी घरच्या चार्जरने भरतो."

"का?"

"काळजी म्हणून."

"म्हणजे आठवडाभर उपास आणि रविवारी जेवण. स्विच चालू आहे ना?"

"मी त्याला कधी हातच लावत नाही," कप्तान म्हणाला. आणि हे अक्षरशः खरं होतं.

मिस्त्रीकडे एकच बॅटरी होती, कुणाच्या तरी पाण्याच्या टँकरसाठी आणून ठेवलेली. महिनाभर पडून. "अर्धी भरलेली असेल. गाडी चालती राहिली की भरत जाईल." त्याने आधी काळी वायर काढली, मग लाल. मेलेली बॅटरी दोघांनी उचलली, नवी ठेवली, आणि मिस्त्री थांबला.

"उलट्या हाताची आहे."

म्हणजे जुनीची अधिक बाजू डावीकडे होती, हिची उजवीकडे. लाल वायर चार बोटं कमी पडत होती. बॅटरी फिरवून ठेवली तर ती पेटीत बसेना. यंत्राने पहिली सूचना दिली: दहा मिनिटं.

"ताणून बघा ना," कप्तान म्हणाला.

"तुम्ही तुमच्या वडलांजवळ जाऊन बसा," मिस्त्री शांतपणे म्हणाला. "ताणलेली वायर रस्त्यात सुटली, तर पेटीत आग लागेल. मग प्राणवायू त्या आगीला लागेल, वडलांना नाही."

कप्तान जाऊन बसला. चाळीस वर्षांचा माणूस, गुडघ्यावर हात ठेवून, शाळेत बाकावर बसवल्यासारखा. मिस्त्रीने वायरचा तुकडा कापला, दोन्ही टोकं सोलली, बोल्टने जोडली, वर सायकलच्या ट्यूबचं वेष्टण चढवलं. मी टॉर्च धरली होती. "दोन हातांनी धरा," तो म्हणाला. मी दोन हातांनी धरली.

नानांच्या बोटावर शहाऐंशी. यंत्राची धडधड मंदावली. आधी दर श्वासाला एक झोत यायचा, आता ते मध्येच विसरत होतं. नाना तोंड उघडून हवा खात होते आणि ती छातीपर्यंत पोचत नव्हती. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते गॅरेजच्या छपरातून लोंबणाऱ्या उघड्या वायरकडे बघत होते, आणि माझी खात्री आहे, त्यांना ती आवडली नव्हती.

आधी लाल, मग काळी. एक ठिणगी. पेटीचं झाकण लागेना, म्हणून मिस्त्रीने गाडी ओढायचा पट्टा बॅटरीभोवती आवळला. तो पट्टा कधीतरी कामाला येईल असं कप्तान चार वर्षं सांगत होता. इन्व्हर्टर जागा झाला. यंत्रात तेव्हा दोन मिनिटं होती.

पैसे विचारले तर मिस्त्री म्हणाला, "येताना द्या. सामानही येताना न्या." येताना किती जण असतील ते त्याने विचारलं नाही.

गाडी सुटली. आकडा बारा. इंजिन चालू झाल्यावर तो तेराच्या वर जायला हवा, एवढं मिस्त्रीने मला कानात सांगून ठेवलं होतं. मी वाट बघत होतो. यंत्र आता एकाच वेळी नानांना श्वास देत होतं आणि स्वतःचं पोटही भरत होतं. अकरा पॉइंट नऊ. अकरा पॉइंट सात.

"उतरतोय," मी म्हणालो.

कप्तानने या वेळी चढण म्हटलं नाही. "नवी आहे ना? नवी आहे ना ती?" तो आरशातून मला विचारत होता, जणू ती मीच बनवली होती. त्याचा आवाज फुटला होता. "भावजी, काहीतरी करा. मला काही सुचत नाहीये." लग्नानंतरच्या बारा वर्षांत त्याने मला पहिल्यांदा काहीतरी विचारलं होतं, आणि मला काही येत नव्हतं. अकरा पॉइंट तीन. यंत्र चालू असूनही नाना ब्याऐंशी. ओठ जांभळे. हॉस्पिटल पाऊण तासावर. पुन्हा तीच शिटी येणार होती, आणि पुढे आता गॅरेज नव्हतं.

मी आकड्यावरची नजर खाली वळवली, कारण तो बघवेना. आणि नानांच्या गुडघ्यापाशी, डॅशबोर्डच्या खालच्या कडेला, मला तो स्विच दिसला. काळा, साधा. त्याच्यावर एक बारका दिवा. विझलेला.

तो कधी विझला ते मला माहीत होतं.

आठ महिन्यांपूर्वी कप्तानने सगळ्यांना तळ्यावर नेलं होतं. परतल्यावर तो अंगणात उभा राहून दुसऱ्या बॅटरीवर व्याख्यान देत होता. वीस मिनिटं, विषय संपून गेला तरी. नाना उतरायच्या आधी सवयीने सगळी बटणं बघत होते. आमच्या घरात ही रीतच आहे. रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की नाना त्याला चोरी म्हणतात. लग्नानंतर पहिल्या रात्री त्यांनी बाहेरून आमच्या खोलीचा मेन स्विच बंद केला होता. तर त्यांना रिकाम्या गाडीत लाल दिवा जळताना दिसला. त्यांनी तो बंद केला. कप्तान तेव्हा नेमका म्हणत होता, "हा स्विच म्हणजे या गाडीचं काळीज." मी बघितलं. सांगायला तोंड उघडलं होतं. पण गंमत वाटली, म्हणून मिटलं. काळीज बंद करून नाना चहाला आत गेले आणि त्यांच्या मागोमाग मीही.

आठ महिने ती गंमत मी मनात जपून ठेवली होती. मध्ये दोन-तीनदा एकटाच हसलोही होतो. मिस्त्रीने स्विचचं विचारलं तेव्हा मात्र ती आठवली नव्हती.

मी नानांच्या अंगावरून वाकलो आणि स्विच दाबला. लाल दिवा लागला. आकडा क्षणभर थांबला, मग एकदम तेरा पॉइंट सहा.

"काय केलंत?" कप्तान ओरडला.

"स्विच बंद होता."

"कुणी बंद केला?"

नानांनी मान वळवली. बोलायला श्वास नव्हता, पण डोळे शाबूत होते, आणि छत्तीस वर्षं वीज खात्यात काढलेल्या माणसाला कुठला स्विच कशाला जोडलाय हे आता कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांचा हात सीटवरून उठला, मुलाच्या खांद्याकडे निघाला.

"मी," मी म्हणालो. "मागे तळ्यावरून आल्यावर. चुकून."

खोटं एका शब्दापुरतंच होतं.

कप्तानने मला झापायला सुरुवात केली. शिकलेली माणसं, यंत्राची अक्कल नाही, कशाला हात लावायचा, माझा बाप मारला असतात तुम्ही. वाटभर. तो एकही शब्द चुकीचा बोलत नव्हता, आणि मी बारा वर्षांत पहिल्यांदा त्याचं व्याख्यान शेवटपर्यंत ऐकलं. नानांचा अर्ध्यावर राहिलेला हात माझ्या मनगटावर येऊन पडला. गार होता. त्र्याऐंशी. चौऱ्याऐंशी. पुन्हा त्र्याऐंशी. असंच चाललं होतं, दारापर्यंत.

हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर तयार होतं. नळी बदलली, मोठा मास्क चढला, भिंतीतला प्राणवायू जोडला. एकोणनव्वदवर आकडा थांबला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत घेतोय. आज काही विचारू नका."

स्ट्रेचर ढकलताना नानांनी बोट हलवलं. मी वाकलो. सकाळपासूनचे त्यांचे पहिले शब्द मास्कमधून आले.

"गाडीत... दिवा... राहिलाय."

"बघतो, नाना."

मी गाडीपाशी गेलो. इंजिन बंद होतं, सगळी दारं सताड उघडी, आणि नानांच्या रिकाम्या सीटपुढे तो लाल दिवा जळत होता. मी सीटवर बसलो. स्विचपर्यंत हात नेला. दोनदा नेला. मग गाडीची दारं एकेक करून लावली, दिवा तसाच ठेवला, आणि आत जाऊन कप्तानशेजारी बाकावर बसलो.

"दिवा बंद केलात?" त्याने विचारलं.

"नाही."

"बरं केलंत," तो म्हणाला. पुढे काही समजावून सांगितलं नाही.