फुंकरबाबांची नाव

धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. वारा साफ पडलेला, पाणी गपगार, आणि फुंकरबाबांची नाव मात्र सरसर चाललेली! बाबा मागच्या गादीवर बसून शिडात फुंकर मारत होते. त्यांचं सगळं अंग थरथरत होतं आणि दोन भक्त जीव तोडून ढोल बडवत होते.

"अंगात वारा आलाय!" माझा थोरला भाऊ हात जोडून म्हणाला. "आणि तो दिव्य सुगंध घे!"

"दादा, हा पेट्रोलचा वास आहे."

"तुझं नाकच नास्तिक!"

बाबांचा उपदेश एकच. "वल्ही म्हणजे अविश्वास! जाळा ती!" आमच्या शहाण्या दादानं खरंच जाळली, घरचीही आणि बाबांच्या नावेतलीही. वर उद्या वहिनी आणि तान्ह्या मुलीला घेऊन, बाबांनी फुंकलेल्या शिडावर, बेटाकडे निघाला होता. वहिनी रडकुंडीला आली. "भावोजी, काहीतरी करा हो!"

मी तीस वर्षं शिडं शिवतोय. म्हणून मी बाबांकडे नाही, शिडाकडे पाहिलं. मागून वारा लागला की शीड पुढे फुगतं. हे मागे, डोलकाठीला चिकटलेलं! म्हणजे नावच शिडाला ओढत होती. धक्क्यावर शंभर खलाशी, पण सगळ्यांची नजर बाबांच्या गालांवर!

पुढच्या फेरीला मी दादाबरोबर नावेत चढलो. मधोमध पोचल्यावर पाय घसरल्याचं सोंग केलं आणि गादीखाली हात घातला. पेट्रोलच्या नळीचा कॉक हाताला लागला. बंद केला. मिनिटभरात बाबांचं अंग थरथरायचं थांबलं. नावही थांबली. ढोल चालूच.

बाबांनी फुंकर मारली. गाल लाल झाले, डोळे बाहेर आले. नाव पाण्याखालच्या ओढीबरोबर खडकांकडे सरकायला लागली.

"वल्ही!" बाबा किंचाळले. "अरे, वल्ही कुठंयत?"

"जाळली की! आपणच सांगितलंत ना?" दादा म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याचा चेहरा उतरला. त्यानं माझ्या गादीखालच्या हाताकडे पाहिलं, बाबांना दंडाला धरून उठवलं, गादी उचलली. खाली फळी कापून बसवलेली मोटार, पंखा पाण्यात! बाबांच्या अंगात यायची ती हिचीच थरथर. ढोल हिचा आवाज झाकायला.

मी कॉक उघडला, मोटार सुरू करायची दोरी ओढली, नाव धक्क्याला आणली. दादानं मान खाली घालून वहिनीला सांगितलं, "उद्या जायचं नाही. आधी वल्ही करू."

मंडळी, शिडाच्या नावेला मोटार लावणं पाप नाही. वारा पडला की तीच जीव वाचवते. फक्त उघड्यावर लावा, आणि वल्हीही जवळ ठेवा. परवा पाहतो तर लोकांनी त्या मोटारीलाच हार घातलेला! अहो, तिला हार नको, पेट्रोल द्या. आणि कुणी गाल फुगवले, तर आधी शीड कुठं फुगलंय ते बघा.