अस्तराचे सहा तुकडे

त्या रविवारी टॅम्सिनच्या आईला, लॉर्नाला, करंजीसारख्या पेस्टीला मुरड घालता येईना. गुडघ्यापाठोपाठ आता बोटंही सकाळपासून सुजलेली.

"टॅम्सिन, तू घाल मुरड. बटाटा बाहेर डोकावला ना, तर तुझी आजी कबरीतून उठून येईल."

"येऊ दे. एक पेस्टी जास्त करते."

आई हसली. दुखण्याची गोळी गिळली, पाठोपाठ दुसरी.

"दोन-दोन?"

"तुमच्या प्रयोगशाळेतल्या ऑब्रीचाच अहवाल आहे. सांध्यात विशेष काही नाही म्हणे. डॉक्टर म्हणाले, दुखलं की घ्या."

टॅम्सिन खाली मान घालून मुरड घालत राहिली.

दुसऱ्या दिवशी गोळ्यांनी पोखरलेल्या पोटात रक्तस्राव झाला. संध्याकाळपर्यंत लॉर्ना गेली.

ॲडलेडच्या ज्या प्रयोगशाळेचा ऑब्री प्रमुख होता, तिथे टॅम्सिन बारा वर्षं सांध्यांच्या अस्तराचे तुकडे कापून, रंगवून काचेवर चढवत होती. आमवाताच्या सुरुवातीला रक्षक पेशी त्या अस्तरात पुंजके करून बसतात. एका तुकड्यात दाटी, तर शेजारच्यात शुकशुकाट. म्हणून एका गुडघ्यातून सहा तुकडे घ्यायचे आणि सहाही सूक्ष्मदर्शकाखाली वाचायचे. काचेवर नाव नसतं, नुसता आकडा. एकशे चौदा क्रमांकाचा पहिला तुकडा पाहून ऑब्रीनं 'पुंजके नाहीत' लिहिलं होतं. बाकीच्या पाच काचा पेटीतून निघाल्याच नाहीत.

तीन महिने टॅम्सिननं तोंडातून ब्र काढला नाही. मग एका गुरुवारी, सगळे मिळून काचा वाचतात त्या बैठकीत, तिनं एकशे चौदाचा सहावा तुकडा भिंतीवरच्या पडद्यावर लावला. आकडा ऑब्रीच्या लक्षात नव्हता.

"वा," तो नव्या मुलांकडे वळला. "हे पुंजके आंधळ्यालाही दिसतील. या पेशंटला त्याच आठवड्यात खरं औषध सुरू करायला हवं. केलं ना?"

"नाही. अहवालात पुंजके नाहीत असं आहे."

"कुठल्या गाढवानं वाचली ही काच?"

टॅम्सिननं कळ दाबली. पडद्यावर अहवाल आला. खाली ऑब्रीची सही.

त्याचा चेहरा उतरताना तिनं डोळे भरून पाहिला. याच क्षणासाठी ती रोज कामावर येत होती.

"पेशंट कसा आहे?" त्यानं हळूच विचारलं.

"गेली. माझी आई होती."

"टॅम्सिन, काचेवर नाव नसतं. मला कसं कळणार?"

"मला कळलं होतं. आईच्या गुडघ्यातून तुकडे काढल्याची तारीख जुळत होती, तुकडे मीच कापले होते." तिचा आवाज चढला नाही. "सहाव्या तुकड्यातले पुंजके मी त्याच दिवशी पाहिले, ऑब्री. कापणाऱ्यानं वाचायचं नाही, हा तुमचा नियम. तो पाळून मी गप्प बसले. माझ्यासमोर तिनं दुसरी गोळी घेतली, तेव्हाही."